बाबांचं फुलपात्र आणि आमच्या स्टिल्टमधले बारा पिलर

सोसायटीच्या सभेतून येऊन तीन तास झाले, तरी डोकं शांत होत नाहीये. जेवणही गेलं नाही. म्हणून लिहायला बसलेय. लांबेल, आधीच सांगते.

विषयपत्रिकेवर आठ विषय होते. गेटवरच्या कमानीवर पाऊण तास गेला. लॉबीत ग्रॅनाइट कुठल्या रंगाचं, यावर वीस मिनिटं. सहावा विषय स्टिल्टमधल्या पिलरचा. स्ट्रक्चरल ऑडिट करणाऱ्या इंजिनिअरने रिपोर्टात स्वच्छ लिहिलंय. खाली पार्किंगसाठी सगळं मोकळं, वर सात मजले भिंतींनी भरलेले, भूकंपाच्या दृष्टीने ही इमारत पायातच कमजोर आहे. बारा पिलरना जॅकेटिंग करा, म्हणजे जुन्या पिलरभोवती सळ्या आणि काँक्रीटचं नवं आवरण, दोन ठिकाणी आरसीसीची भिंत घाला. घरटी साधारण सव्वा लाख. हा विषय दोन मिनिटांत 'पुढच्या सभेत बघू' म्हणून गुंडाळला.

तेव्हा बाबा उठले. बाबा सभेत कधी बोलत नाहीत. "मी कोयनेचा भूकंप बघितलाय," एवढंच म्हणाले असतील, तर मागून आवाज आला, "काका, ठाण्यात कधी आलाय का भूकंप? तुमची कोयना राहिली तिकडं!" आणि लोक हसले. बाबा गप्प खाली बसले. खुर्चीचा हात धरताना त्यांची बोटं थरथरत होती, ते मी बघितलं. बाकी कुणी बघितलं नसेल.

हसणाऱ्यांपैकी काहीजण माझ्या फ्रेंडलिस्टमध्ये आहेत. त्यांनी हे शेवटपर्यंत वाचावं.

११ डिसेंबर १९६७. बाबा अकरा वर्षांचे. पाटण तालुक्यातलं आमचं गाव, दगडमातीचं घर. पहाटेचे चार वाजून वीसेक मिनिटं. घर हललं, दाराची चौकट तिरकी झाली आणि आतून घातलेली कडी अडकली. आजी आणि बाबा आत, वरून माती पडतेय, आणि कडी निघत नाही. शेवटी चुलत आजोबांनी बाहेरून कुऱ्हाडीने दाराची फळी फोडली. बाबा निघाले. आजी निघता निघता तुळई तिच्या पायावर आली. ती मरेपर्यंत लंगडत चालली.

नंतर कित्येक आठवडे सगळी भावकी खळ्यात झोपायची, डिसेंबरच्या थंडीत. जमीन थांबतच नव्हती. चुलत आजोबांनी औषधाची रिकामी बाटली फळकुटावर उभी केली आणि तिच्या तोंडावर पितळी फुलपात्र उपडं घातलं. जरा हललं की ते खणकन पडायचं आणि सगळे उठून बसायचे.

आमच्या ठाण्याच्या घरात स्वयंपाकघराच्या वरच्या फळीवर आजही रात्री बाटली आणि तिच्यावर उपडं फुलपात्र असतं. पितळेचं गेलं, स्टीलचं आलं, एवढाच फरक. आणि बाबा दाराची वरची कडी कधीच घालत नाहीत. त्यावरून आई आयुष्यभर भांडली, चोर येतील म्हणून.

'ठाण्यात कधी आलाय का' म्हणणाऱ्यांना एवढंच सांगायचंय की कोयनेतही तेव्हा हेच म्हणत होते. दख्खनचं पठार म्हणजे अचल, इथं भूकंप होत नाही, असं शिकलेली माणसं सांगायची. ६.३ चा धक्का बसला, पावणेदोनशेच्या वर माणसं गेली, आणि मग देशाचा भूकंपाचा नकाशा नव्याने काढावा लागला. किल्लारी तर त्या नकाशात सगळ्यात कमी धोक्याच्या पहिल्या झोनमध्ये होती. ३० सप्टेंबर १९९३, आदल्या दिवशीच गणपती विसर्जन करून दमून झोपलेली गावं. पहाटे चारच्या सुमारास दगडमातीच्या जाड भिंती आणि माळवदं अंगावर आली. हजारो माणसं गेली. २००२ मध्ये नकाशातला पहिला झोनच काढून टाकला आणि किल्लारीचा भाग तिसऱ्यात टाकला. माणसं गेल्यावर नकाशा बदलतो आपल्याकडे. त्याच नकाशात ठाणं-मुंबईही तिसऱ्या झोनमध्ये आहेत, हे सभेत हसणाऱ्या किती जणांना माहीत आहे?

आणि फार लांबही जायला नको. २०१८ च्या नोव्हेंबरपासून डहाणू-तलासरीत महिनोन्‌महिने धक्के बसत होते. पोरांच्या शाळा उघड्यावर भरत होत्या, लोक तंबूत झोपत होते. धक्क्याने घाबरून पळताना पडून एक दोन वर्षांची मुलगी गेली. तो भाग २०१४ पर्यंत ठाणे जिल्हाच होता! पालघरचं बोर्ड लागलं म्हणून तो परका झाला का?

ठीक आहे, ठाण्यात उद्याच होईल असं मीही म्हणत नाही. कुणीच म्हणू शकत नाही. कोयनेजवळ गोठण्याला आपल्या शास्त्रज्ञांनी २०१७ मध्ये ३ किलोमीटर खोल बोअर पुरं केलं. वरचा काळा पत्थर पार करून खालच्या ग्रॅनाइटपर्यंत गेले. धरणाच्या पाण्यामुळे होणारे भूकंप जिथं घडतात, तिथल्या खडकाला हात घालायचा म्हणून. कराडला त्यासाठी खास प्रयोगशाळा आहे. बाबांना मी हे वाचून दाखवलं तेव्हा त्यांनी दोनदा विचारलं, "तीन किलोमीटर? सरळ खाली?" बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "बरं झालं. कुणीतरी बघतंय."

पण ही माणसंही तारीख सांगत नाहीत, कारण आजच्या शास्त्राला ती सांगता येत नाही. त्यांना सांगता येतं ते दुसरं. कुठं जमीन किती हलेल आणि कुठली इमारत टिकेल. भूकंपाची पहिली लाट जोरात धावते, पण फार नुकसान करत नाही. पाडणारी लाट मागून, जवळपास निम्म्या वेगाने येते. जपानमध्ये पहिली लाट यंत्रांनी पकडून लोकांना काही सेकंद आधी सावध करतात. कोयनेची दुसरी लाट ठाण्याला पोचायला मिनिटभर लागेल. चुलत आजोबांचं फुलपात्र याच जातीचं यंत्र होतं, असं मला वाटतं, आणि मी ते अगदी मनापासून म्हणतेय. मात्र धक्का जवळचा असला तर सेकंद हातात येतच नाहीत, हेही खरं. तेव्हा फक्त पिलर कामाला येतो.

२६ जानेवारी २००१. मी बारावीला. झेंडावंदनाला निघत होते, पावणेनऊ वाजले असतील. सहावा मजला आमचा. फळीवरचं फुलपात्र सकाळी उचलायचं राहिलं होतं, ते खणकन खाली आलं. पंखा बंद असून डोलत होता. बाबांनी आम्हाला अक्षरशः ढकलून जेवणाच्या टेबलाखाली घातलं आणि स्वतः दार उघडून, चौकट धरून उभे राहिले. संध्याकाळी टीव्हीवर अहमदाबाद दाखवत होते. भुजच्या केंद्रापासून दोनशे किलोमीटरहून लांब, आणि खाली पार्किंग असलेल्या इमारती गुडघ्यात मोडल्यासारख्या बसल्या होत्या. वरचे मजले बरेचसे तसेच, खालचा मजला नाहीसा. बाबा इतकंच म्हणाले, "आपलीबी अशीच हाय गं." एरवी ते असं बोलत नाहीत, घाबरले की पाटण बाहेर येतं.

आपलीही तशीच आहे! चोवीस वर्षं झाली हे बोलून.

मघाशी टॉर्च घेऊन खाली गेले होते. कोपऱ्यातल्या पिलरचा एक कोपरा कुणीतरी गाडीचं दार उघडावं म्हणून छिलून घेतलाय. आत सळ्या दिसतात, तांबेरलेल्या. उभ्या सळ्यांना आडवं वेढणाऱ्या दोन रिंगांमध्ये माझी सबंध वीत बसली. रिंगेची टोकं नुसती काटकोनात वाकवलेली, बाहेरच्या बाजूला. भूकंपासाठी ती टोकं आत, पिलरच्या पोटात वळवायची असतात आणि पिलरच्या वर-खाली रिंगा दाट लागतात, म्हणजे काँक्रीट फुटलं तरी रिंग उलगडत नाही. हे सगळं नीट सांगणारं आयएस १३९२० हे मानक आलं १९९३ मध्ये. आमची इमारत १९९१ ची. बांधणाऱ्याला तेव्हा शिव्या देण्यात अर्थ नाही. पण आज माहीत असून कमान बांधणाऱ्यांना काय म्हणायचं?

'रिडेव्हलपमेंट होणारच आहे, कशाला खर्च.' ऐकलं. नवी इमारत नव्या नियमाने होईल, जास्त भक्कम होईल, मान्य. पण नऊ वर्षं बिल्डर येतोच आहे. आणि सव्वा लाख सगळ्यांना जमत नाहीत, हेही मान्य. दुसऱ्या मजल्यावरच्या मावशींची पेन्शन मला माहीत आहे. त्यांचे हप्ते करू, सिंकिंग फंडातून, म्हणजे मोठ्या दुरुस्तीसाठी साठवलेल्या सोसायटीच्या पैशातून घेऊ, मी माझ्याकडचे आधी भरते. पण त्यावर बोलायला तरी हवं होतं ना? हसायचं?

वाशी-सानपाड्याच्या मैत्रिणींनो, तुम्ही तर भरावावर आणि खाडीच्या मऊ मातीवर आहात. १९८५ मध्ये मेक्सिको सिटी साडेतीनशे किलोमीटरवरच्या भूकंपाने कोसळली, ती जुन्या तळ्याच्या गाळावर वसलेली म्हणून. मऊ जमीन हलणं वाढवते. तुमच्या ऑडिटमध्ये भूकंप हा शब्द आहे का, एवढं सेक्रेटरींना विचारा. आमच्या आधीच्या ऑडिटमध्ये फक्त गळती आणि प्लास्टर होतं.

सुरुवातीला फार चिडून लिहायला घेतलं होतं. आता जरा निवळलंय. ज्याने ती कोयनेची कोटी केली तो मुलगा वाईट नाही. बाबांना लिफ्ट बंद असताना त्यानेच हात धरून वर आणलंय. त्याने ते बाहेरून आलेल्या कुऱ्हाडीचे घाव आतून ऐकलेले नाहीत, इतकंच.

एक पंचमांश सभासदांनी लेखी मागणी केली की विशेष सभा बोलवावीच लागते. अठ्ठावीस घरं, म्हणजे सहा सह्या. पहिली बाबांची. झोपायच्या आधी त्यांनी चष्मा लावून सावकाश केली, मग बाटलीवर फुलपात्र ठेवलं आणि खोलीत गेले. माझ्या नावावर घर नाही, त्यामुळे माझी चालत नाही. दुसऱ्या मजल्यावरच्या मावशींनी केली, पाचव्यावरच्या जोशीकाकूंनी केली, समोरच्यांनीही केली.

दोन राहिल्यात. अर्ज आमच्याकडे टेबलावर आहे. वरची कडी नसते, बेल वाजवा.