हँगर येत नाही

सायकल घरात आणली त्या संध्याकाळी आईने तिच्याभोवती एक प्रदक्षिणा घातली आणि विचारलं, "मडगार्ड?"

"नसतं ह्याला."

"कॅरिअर?"

"नसतं."

"स्टँड? घंटी? चेनकव्हर?"

"आई, ही माउंटन बाइक आहे."

"मग अठरा हजार कशाचे दिलेस?"

सायकल सेकंडहँड होती. विकणारा मुलगा कोथरूडचा. "काका, दोनदाच चालवलीये," म्हणाला. 'काका' हा शब्द इतका लागला की पुढचं नीट ऐकलंच नाही. महिन्याभराने मेकॅनिकने चेनवर पट्टी धरली. पिन ते पिन बारा इंच भरायला हवं तिथे सव्वाबारा भरत होतं. म्हणजे 'दोनदा' खरं असेलही. एकदा कन्याकुमारीला जाताना आणि एकदा येताना. चेन इतकी ताणली की मागच्या चक्रांचे दातही झिजतात, त्यामुळे त्या चक्रांचा संच, म्हणजे कॅसेटही, नवीन. साडेतीन हजार. घरी साडेतीनशे सांगितले.

पण ही किरकोळ दुखणी. खरा प्रकार वेताळ टेकडीवर घडला. पडलो, तेही उभ्या उभ्या. समोरून चालायला आलेल्या चार काकू दिसल्या, त्यांना वाट द्यायला थांबलो आणि उजव्या अंगाला सायकलसकट आडवा झालो. खरचटलंही नाही. ऐटीत परत स्वार झालो, चढ आला म्हणून सगळ्यात हलका गिअर टाकला आणि मागून 'कडाड्' झालं. गिअर बदलणारा डिरेलर थेट चाकाच्या आऱ्यांत शिरला होता आणि तो ज्यावर लटकतो तो बोटाच्या दोन पेरांएवढा ॲल्युमिनियमचा तुकडा मोडला होता.

हा हँगर. तोवर मला हा शब्द फक्त कपाटातला ठाऊक होता.

नाक्यावरच्या अण्णांकडे गेलो. शाळेपासून माझ्या सायकलचे छर्रे बदलणं नि चाकाचा आऊट काढणं त्यांच्याकडेच. त्यांनी तुकडा उलटासुलटा करून पाहिला. मी ऐकीव ज्ञान पाजळलं, "अण्णा, हा मुद्दाम मऊ धातूचा करतात. पडलं की हा वाकतो किंवा मोडतो, फ्रेम वाचते."

"म्हणजे मोडायलाच बनवलाय?"

"हो."

"मग मोडला की. तक्रार काय तुमची?"

तक्रार ही, की प्रत्येक कंपनीच्या जवळजवळ प्रत्येक मॉडेलचा हँगर वेगळा. गावातल्या मोठ्या दुकानातला पोरगा म्हणाला, "हँगर येत नाही सर. मॉडेल बंद झालं." मग त्याच दमात, "नवीन दाखवू का? बासष्ट हजारांपासून आहेत." शर्टाचं बटण तुटलं म्हणून लग्नाचा सूट दाखवणाऱ्यातला प्रकार.

तीन आठवडे तो तुकडा खिशात घेऊन फिरलो. ऑफिसच्या मीटिंगमध्ये फूटपट्टीने त्याच्या भोकांमधलं अंतर मोजलं. रात्री दोन-दोन वाजेपर्यंत नेटवर हँगरांचे फोटो पाहायचो. बायकोने एकदा मागून येऊन स्क्रीन पाहिला आणि काही न बोलता गेली; संशय बरा होता असं तिला वाटलं असावं. त्याच जागरणांत कळलं की १९७६ साली कॅलिफोर्नियातल्या मॅरिन काउंटीत काही टोळभैरव जुन्या जाडटायरी सायकली घेऊन डोंगरउतारावर शर्यती लावू लागले. उतरताना मागच्या चाकातला ब्रेक एवढा तापायचा की आतल्या ग्रीसचा धूर व्हायचा आणि खाली पोचल्यावर हब उघडून नवं ग्रीस भरावं लागायचं. म्हणून त्या शर्यतीचं नावच पडलं 'रिपॅक', आणि तिच्यातूनच पुढे माउंटन बाइक जन्मली. जिचं बारसंच दुरुस्तीवरून झालं, तिच्याकडून मी सुखाची अपेक्षा करत होतो.

मागवलेला पहिला हँगर दोन मिलिमीटरने चुकला. दुसरा बसला. धास्तीने तसे दोन मागवले होते.

आता हातात पाना आलाच आहे तर पेडलही साफ करू म्हटलं. डावं निघेना. पान्यावर पाय देऊन माझे ब्याऐंशी किलो टाकले. तरी निघेना. डाव्या पेडलचे आटे उलटे असतात, चालवताना ते आपोआप सुटू नये म्हणून, हे मला चिरंजीवांनी सांगितलं. तोवर मी ते आयुष्यभरासाठी आवळलं होतं. चेनला तेल मारताना फवारा ब्रेकच्या डिस्कवर गेला तो वेगळाच. पॅडनी तेल पिऊन टाकलं. ब्रेक लावला की असा किंचाळायचा, की वॉचमन शिट्टी फुंकत धावत यायचा.

विकायची ठरवली. जाहिरात टाकल्यावर दहा मिनिटांत 'लास्ट किती?' आला. एकाने गिअर काढून देणार का विचारलं. एकाला बदल्यात ट्रेडमिल द्यायची होती, तीही दोनदाच वापरलेली.

मग धनकवडीहून एक जण रविवारी सकाळी स्वतः आला. टायर दाबून पाहिले नाहीत, ब्रेक लावून पाहिला नाही. सरळ मागच्या चाकाशी उकिडवा बसला आणि मोबाइलच्या उजेडात बराच वेळ काहीतरी न्याहाळत राहिला.

"हा हँगर कुठे मिळाला तुम्हाला?" त्याचा आवाज कापत होता.

त्याने खिशातून रुमाल काढला. रुमालात पुडी, पुडीत तुकडा. हुबेहूब माझ्यासारखा मोडलेला.

मी आत जाऊन दुसरा हँगर आणला. भोकाला भोक लावून पाहिलं, जुळलं. तो गहिवरला. साडेआठशेला घेतला होता, त्याने न मागता हजार काढले. घासाघीस नाही, 'लास्ट किती' नाही. चहा झाला. आईने त्याला विचारलं, "तुमच्या सायकलला तरी कॅरिअर आहे का हो?"

सायकलचं दोघांपैकी कुणीच नाव काढलं नाही. दारात चपला घालताना तो थबकला. "जाता जाता एक विचारू? माझं डावं पेडल काही केल्या निघत नाहीये."

"बसा," म्हटलं. "आणखी अर्धा कप घ्या."