आवडत्या गायकांचा त्रास

संगीत शिकणाऱ्या माणसाकडे समाजाच्या दोन मागण्या असतात. 'एखादे नाट्यगीत होऊन जाऊ द्या' ही पहिली. ती विनंतीच्या वेषातली आज्ञा असते. पण घसा बसला आहे असे सांगून तिच्यातून सुटता येते, आणि माझ्या बाबतीत तर ऐकणारे त्याचे फारसे दुःखही करत नाहीत. दुसरी मागणी म्हणजे 'तुमचा आवडता गायक कोण?' या प्रश्नाचे उत्तर. त्यातून सुटका नाही. निदान पुण्यात तरी नाही, कारण येथे हा प्रश्न कुतूहलापोटी विचारला जात नसून उत्तर देणाऱ्याची पत ठरवण्यासाठी विचारला जातो.

भीमसेन जोशी म्हणावे, तर विचारणारा 'ते काय, सगळ्यांनाच आवडतात' असे म्हणून चहाकडे वळतो. किशोरी आमोणकर म्हणावे, तर 'तुम्ही त्यांच्या आई मोगूबाई ऐकल्या नसतील' असा शेरा येतो. मोगूबाई ऐकल्या आहेत असे सांगावे, तर केसरबाई पुढे केल्या जातात, आणि १९७७ साली अमेरिकेने अंतराळात धाडलेल्या व्हॉयेजर यानांवरच्या तबकडीत केसरबाईंची 'जात कहाँ हो' ही भैरवी आहे, ही माहिती, जणू ती भैरवी बोलणाऱ्याच्याच शिफारशीवरून तिकडे गेली असावी, अशा थाटात दिली जाते. (ती भैरवी जेमतेम साडेतीन मिनिटांची आहे. माझा तानपुरा जुळायला याहून जास्त वेळ लागतो.) उत्तर जितके जुने तितका मान मोठा, हा येथला हिशेब ध्यानात आल्यावर मी एकदा थेट केसरबाईंचे गुरू अल्लादियाखाँसाहेबांचे नाव घेतले. त्यांच्या गाण्याचे ध्वनिमुद्रणच मागे उरलेले नसल्यामुळे समोरच्याला आणखी मागे सरकायला जागा राहिली नाही, आणि आमचे बोलणे पावसावर गेले.

गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या 'मध्यमा पूर्ण' परीक्षेला मी बसलो, तेव्हा बाहेरच्या बाकावर माझ्या शेजारी एक शाळकरी परीक्षार्थी होती. 'काका, तुमची मुलगी आत गेली आहे का?' अशी चौकशी करून झाल्यावर, आणि मीच परीक्षार्थी असल्याचे कळल्याचा धक्का सभ्यपणे पचवल्यावर, तिने मला एक गुपित सांगितले. 'आवडता गायक विचारला, तर मल्लिकार्जुन मन्सूर सांगायचं, आई म्हणते त्याने परीक्षक खूश होतात.' त्या आईविषयी माझ्या मनात अजूनही आदर आहे.

पण हा झाला वरवरचा त्रास. खरा त्रास पुढे, म्हणजे रियाजाला बसल्यावर सुरू होतो. मी दिवसा विमा कंपनीत नोकरी करतो आणि रात्री जेवणानंतर कोणातरी थोर गायकाचे गाणे ऐकतो. रात्री ऐकलेला गायक सकाळी गळ्यात उतरतो असे म्हणता आले असते, तर तक्रारीला जागाच नव्हती. तो गळ्यात उतरत नाही, हातात उतरतो. भीमसेनजी ऐकून बसले, की तान होती तिथेच राहते आणि उजवा हात मात्र छताकडून काहीतरी खेचून आणू लागतो. या प्रकारात आमच्या बैठकीतल्या एका फुलदाणीची आहुती पडलेली आहे. कुमारजी, म्हणजे कुमार गंधर्व, ऐकले, की स्वर लावता लावता एकदम तोडून गप्प बसावेसे वाटते. त्यांच्या त्या थांबण्यात पुढचा स्वर ऐकू येतो, माझ्या थांबण्यात शेजारच्यांचा मिक्सर. मन्सूरअण्णा ऐकले, की यमन अजून नीट बसलेला नसतानाच दोन राग मिसळून होणाऱ्या जोडरागांची भूक लागते. आणि किशोरीताईंच्या प्रभावाखाली मी एक स्वरमंडळ, म्हणजे गाताना छेडायचे बऱ्याच तारांचे वाद्य, विकत घेतले. ते लावण्यातच रियाजाची सगळी वेळ जात असल्यामुळे किशोरीताई ऐकलेल्या दिवशी मी आजवर एकदाही बेसूर झालेलो नाही.

आमचे गुरुजी पंचाहत्तरीच्या पुढचे आहेत. पोट बिघडलेल्या रोग्याला डॉक्टर 'काल बाहेरचं काय खाल्लंत?' असे ज्या सुरात विचारतात, त्याच सुरात ते माझा पहिला षड्ज संपण्यापूर्वी विचारतात, 'काल कोणाला ऐकलंस?' डिसेंबरात तर ते विचारतही नाहीत. भीमसेनजींनी आपल्या गुरूंच्या स्मरणार्थ १९५३ साली सुरू केलेला महोत्सव त्या महिन्यात भरतो, आणि तो आटोपल्यावर आठवडाभर माझ्या एकाच ख्यालात किराणा, ग्वाल्हेर, जयपूर आणि आग्रा ही चारही घराणी दाटीवाटीने राहत असतात. तेवढे दिवस गुरुजी बाहेरगावी जातात.

स्फूर्तीसाठी गायकांची चरित्रे वाचावीत असे कोणीतरी सुचवले, म्हणून तीही वाचली, आणि माझ्या आयुष्यात कलेला लागणारी सामग्रीच नाही असे लक्षात आले. अब्दुल करीम खाँसाहेबांची तबकडी ऐकून भीमसेनजी वयाच्या अकराव्या वर्षी घरातून पळाले, वाटेत गाऊन दाखवत आगगाडीने ग्वाल्हेर, कोलकाता, जालंधर असे भटकले, आणि गुरू शेवटी लाभले ते घराजवळच्या कुंदगोळात. मला पळून जायला हरकत काहीच नाही. परंतु बेचाळिसाव्या वर्षी पळायचे म्हणजे आधी रजेचा अर्ज द्यावा लागतो, आणि त्यात 'कारण' असा एक रकाना असतो. पत्नीला हा विचार बोलून दाखवला, तेव्हा तिने शांतपणे 'जाताना गॅसचा नंबर लावून जा' एवढेच सांगितले. कुमारजींना क्षयाने गाठले, ते देवासला जाऊन राहिले, वर्षानुवर्षे गाणे बंद होते, आणि त्या अंथरुणावर कानावर पडलेल्या माळव्याच्या लोकगीतांतून पुढे नवे राग उभे राहिले. मी सर्दीने दोन दिवस अंथरुणावर होतो, तेव्हा कानावर पडले ते कचऱ्याच्या गाडीचे गाणे. त्यातून काही उभे राहिले नाही.

माझ्यासारख्याला पेलेल असे चरित्र एकच सापडले, वसंतराव देशपांड्यांचे. त्यांनी लष्कराच्या हिशेब खात्यात कारकुनी करत आयुष्याची कितीतरी वर्षे काढली आणि तरीही ते वसंतराव देशपांडे झाले. कारकुनीचा भाग मला तंतोतंत साधलेला असल्याने निम्मे अंतर मी आधीच कापले आहे, असा हिशेब मी घरी मांडून दाखवला. पत्नी स्वतः लेखापरीक्षक असल्यामुळे तिने तो मंजूर केला नाही.

राहता राहिली स्वतःची प्रतिभा. ती मला स्फुरते, नाही असे नाही. पण तानपुरा हातात असताना कधीच नाही. ती हटकून नळ स्टॉपच्या सिग्नलला, डोक्यावर हेल्मेट आणि मागे बस असताना स्फुरते. बागेश्रीतली अशी एखादी जागा सुचते, की डोळे भरून येतात आणि मागच्याला हॉर्न वाजवावा लागतो. ती निसटू नये म्हणून मी दुचाकी कडेला घेऊन फोनमध्ये गुणगुणून ठेवतो. घरी येऊन ऐकावे तर त्यात बसचे ब्रेक, कोणाचे तरी 'ओ काका, गाडी घ्या पुढे', आणि या दोहोंच्या मध्ये दाढ दुखत असलेल्या माणसासारखा एक आवाज. बागेश्री कुठे गेली ते कळत नाही.

एकदा मात्र तानपुऱ्यावर बसलेलो असतानाच ती आली. संध्याकाळी भूप राग घोळवत होतो आणि अचानक अशी एक फिरत सुचली, की माझीच मला शंका यावी. ही कोणाचीच नक्कल नव्हती. मी खात्री करून घेण्यासाठी हातांकडेही पाहिले, ते मांडीवर स्वस्थ होते. दुसऱ्या दिवशी ती गुरुजींपुढे ठेवली. भूप आणि देशकार यांचे स्वर तेच पाच, मध्यम आणि निषाद दोन्हींत वर्ज्य. परंतु भूप गंधारावर विसावतो आणि देशकार धैवतावर डोके वर काढतो. माझी स्फूर्ती येऊन नेमकी धैवतावर बसली होती. 'छान आहे,' गुरुजी म्हणाले, 'फक्त हा सकाळचा राग आहे, आणि तो देशकार म्हणून लोकांना आधीपासून ठाऊक आहे.'

मी खट्टू झालेला पाहून त्यांनी चहा मागवला आणि समजूत घातली. 'अरे, नक्कल वाईट नाही. कुमार लहानपणी तबकड्या ऐकून मोठमोठ्या गवयांची हुबेहूब नक्कल करायचे, त्यावर जलसे व्हायचे. पुढे देवधरांकडे शिकले, मग स्वतःचं गाऊ लागले. पण त्यांनी त्या गवयांच्या गाण्याची नक्कल केली. तू हातांची करतोस.' मन्सूरअण्णांचेही तेच, आधी ग्वाल्हेरची तालीम, मग मंजीखाँ आणि भूर्जीखाँ यांच्याकडे जयपूरची, आणि त्या सगळ्याला पुरून उरलेला त्यांचा स्वतःचा आवाज, असे बरेच काही सांगून झाल्यावर त्यांनी मला पथ्य घातले. काही दिवस कोणालाही ऐकायचे नाही. रेडिओ नाही, फोन नाही, लग्नातली सनईसुद्धा नाही. फक्त तानपुरा आणि मी.

मी ते पथ्य निष्ठेने पाळले. हात आपोआप मांडीवर राहू लागले, स्वरमंडळाला गवसणी चढली, शेजारच्या मिक्सरलाही काही ऐकू येण्यासारखे उरले नसावे. मग गुरुजींकडे जाऊन डोळे मिटून भूप गायलो, धैवताला वळसा घालून, गंधारावर बसून, कोणाचीही सावली पडू न देता. विलंबित संपले तरी ते काही बोलेनात. शेवटी त्यांनी नेहमीचाच प्रश्न विचारला.

'काल कोणाला ऐकलंस?'

'कोणालाच नाही, गुरुजी,' मी ताठ बसून सांगितले.

'तरीच,' ते म्हणाले. 'आज घरी गेलास की मन्सूर लाव. पण ऐकून झाल्यावर परवापर्यंत गाऊ नकोस.'