बुंदी, पोळ्या आणि गण्याचं कार्ड

संध्याकाळी सातला नाशिकच्या सिडकोत त्रिमूर्ती चौकाच्या अलीकडे शोभाताईंची वडापावची गाडी लागते. कढई तापली की शेजारच्या बंद दुकानाच्या पायऱ्यांवर आमचा कट्टा बसतो. काल विषय एकच होता, केवायसी, म्हणजे आधारवरून ओळख पटवणं, न झालेल्यांची रेशन कार्डावरची नावं कापल्याचा. पेपर बाळ्याच्या रिक्षात होता, पण तो आणायला कुणी उठलं नाही. सिडकोत घरटी एकाचं तरी केवायसी अडकलंय, बातमी वाचून कळायची कुणाला गरज नव्हती.

सुरुवात अर्थात आप्पांनी केली. आप्पा नाशिकरोडच्या नोटांच्या प्रेसमधून निवृत्त झालेले. पेन्शन एक तारखेला, फिरणं पहाटे पाचला, आणि देश कशानं बुडाला याचं उत्तर कायम तोंडावर.

"बरं झालं नावं कापली. फुकट खायची चटक लागलीय. बायकांचं एक वेळ ठीक आहे, पण धडधाकट पुरुष रेशनच्या रांगेत? आम्ही आयुष्यभर नोटा छापल्या, एक नोट फुकट घरी नेली नाही!"

"नेली असती तर आप्पा तुम्ही इथं नसता," शोभाताई झारा कढईच्या काठावर आपटत म्हणाल्या. "प्रेसपासून जेल काही लांब नाही."

बाळ्या एवढ्या जोरात हसला की त्याचा चहा सांडला. गण्या मात्र हसला नाही. तो सगळ्यात खालच्या पायरीवर, रस्त्याकडे तोंड करून बसला होता.

गण्याचं कट्ट्याला सगळं ठाऊक आहे. अंबडला बफिंगवर, म्हणजे धातू घासून चकाकवायच्या कामावर, ठेकेदाराकडे होता, ठेका संपला, आता नाक्यावर उभा राहतो. आठवड्यात तीन दिवस काम मिळालं तर पुष्कळ. बायको गेली त्याला दोन वर्षं झाली. पोरगी चौथीत, पोरगा साडेचार वर्षांचा. कट्ट्याला ठाऊक नव्हतं ते गेल्या मंगळवारी मी पाहिलं होतं.

दुपारी एका शिवभोजन केंद्रावरून चाललो होतो. आत गण्या. काउंटरवरच्या पोरानं मोबाइलवर त्याचा फोटो काढला, गण्यानं दहा रुपये दिले, थाळी घेतली आणि भिंतीकडे तोंड करून जेवायला बसला. वरण-भात भराभर संपवला. दोन्ही पोळ्या तशाच ठेवल्या. मग वाटीतली भाजी चमच्यानं दाबून रस काढला, कोरडी भाजी पोळ्यांत घातली, गुंडाळी केली आणि खिशातल्या रुमालात बांधली. रुमाल स्वच्छ धुतलेला होता, इस्त्रीच्या घडीचा. तो ठरवून आणला होता हे त्या घडीवरून कळलं. तिथली थाळी तिथंच खायची असते. त्यानं इकडेतिकडे पाहिलं, मी दिसलो, आणि त्यानं मान फिरवली. मीही हाक मारली नाही. मारायला हवी होती.

हे मी फक्त शोभाताईंना सांगितलं होतं. त्यामुळे काल त्या आप्पांशी भांडत होत्या, पण बोलणं सगळं खालच्या पायरीसाठी होतं.

"बाई रेशनला उभी राहिली की संसार सांभाळते म्हणता," त्या म्हणाल्या, "आणि पुरुष उभा राहिला की त्यानं संसार बुडवला. पिशवी तीच, गहू तोच. मग लाज कुठून आली, आप्पा?"

"अगं शोभा, पुरुषानं कमवायचं असतं..."

"कमवतोय की. पण जे मिळतं त्यात भाडं जातं, गॅस जातो, पोरीची रिक्षा जाते. बापाला भूक लागत नाही असं कुठल्या कायद्यात लिहिलंय?"

सर मध्ये पडले. सर महापालिकेच्या शाळेत आहेत, कमी बोलतात. "पहिली ते आठवीच्या पोरांना शाळेत दुपारचं जेवण आहे. गण्या, तुझी पोरगी जेवते ना? आणि धाकट्याला अंगणवाडीत घातलंस का? सहा वर्षांपर्यंत तिथं गरम आहार मिळतो."

गण्यानं मान हलवली. पोरगा शेजारच्या आजींकडे असतो म्हणाला. अंगणवाडीत सगळ्या आया येतात, तिथं जायला बरं वाटत नाही.

"मी येते उद्या," शोभाताई म्हणाल्या. विषय संपला.

मग कार्डाचं निघालं. कार्ड पेठ तालुक्यातल्या गावचं, प्राधान्य कुटुंबाचं, म्हणजे धान्य मिळणारं. बायको कुटुंबप्रमुख होती. ती गेल्यावर गण्यानं ते ट्रंकेत ठेवून दिलं. नाव तिचं, ती नाही, आता त्यावर काय मिळणार, असं त्याला वाटलं. शिवाय दर महिन्याला गावी जायचं म्हणजे एसटीचं भाडं आणि एक रोज बुडणार. एकदा तो चौकशीला एका कार्यालयात गेलाही होता. तिथल्या माणसानं कागद न बघताच विचारलं, "घरात बाई नाही का? तिला पाठव." गण्या परत फिरला तो पुन्हा गेला नाही. मला हे ऐकून इतका संताप आला की मी उठून उभा राहिलो. माणूस मदत मागायला एकदाच धीर करतो. त्या एका वेळी त्याला असं परत पाठवलं की पुढची दोन वर्षं पोरं अर्धपोटी राहतात.

शोभाताईंनी लॉकडाउनमध्ये अख्ख्या गल्लीचे कागद पुरवठा कार्यालयात नेऊन कामं करून आणली होती. त्यांना हे तोंडपाठ आहे.

"ऐक. अन्नसुरक्षा कायदा २०१३ चा. त्यात घरातली अठरा वर्षांवरची सगळ्यात मोठी बाई प्रमुख, हे खरं. पण घरात तशी बाई नसली तर सगळ्यात मोठा पुरुष प्रमुख, हेही त्याच कलमात आहे. पोरगी अठराची झाली की ती प्रमुख होणार. तोवर तू. तिच्या घराचा राखणदार."

गण्यानं पहिल्यांदा वर पाहिलं.

"आणि गावाला कशाला जातोस? बारा अंकी नंबर आहे ना कार्डाला? तो इथल्या कुठल्याही रेशन दुकानात चालतो. अंगठा लावायचा, धान्य घ्यायचं. माणशी पाच किलो. जानेवारी २०२३ पासून पैसेसुद्धा लागत नाहीत."

"अंगठाच उमटत नाही ताई," गण्या म्हणाला आणि हात पुढे केला.

मी तो हात जवळून पाहिला. बफिंगच्या चाकावर वर्षानुवर्षं पितळ घासून बोटांची टोकं काचेसारखी गुळगुळीत झालेली. रेघ म्हणून नाही. कार्ड ट्रंकेत जाण्याआधी एकदा गावच्या दुकानदारानं मशीनची काच पुसली, अंगठा केसांवर घासून बघायला सांगितलं, दहाही बोटं लावून पाहिली. मशीन नाहीच म्हणत राहिलं. ज्या कामानं पोट भरलं त्याच कामानं त्याचा पुरावा पुसून टाकला, आणि शिक्षा पोरांना.

"चेहरा दाखवून केवायसी करायचं ॲप आहे ना भो," बाळ्या म्हणाला. "माझ्या मोबाइलात आहे. आईचं मीच केलं. उद्या रिक्षात बसून करू, दहा मिनिटाचं काम."

"आधी वहिनीचं नाव कमी करायचं, मृत्यूचा दाखला जोडून," शोभाताई. "धाकट्याचं नाव आहे कार्डावर?"

नव्हतं. तो जन्मला तेव्हापासून घालायचं राहिलंच होतं.

"म्हणजे दोघांचे दहा किलो. जन्मदाखला देऊन त्याचं नाव घातलं की पंधरा. आणि बालसंगोपनचा अर्ज कर. आई किंवा बाप गेलेल्या पोरासाठी आहे, एका पोराला महिन्याला २,२५० रुपये. महिला-बालविकासच्या ऑफिसात. सर, तुम्ही पोरीचं बोनाफाइड काढा."

"उद्या देतो," सर म्हणाले.

बाळ्याला आता स्वतःचं दुखणं आठवलं. "गण्याला तरी मिळंल. माझ्या केशरी कार्डावर दाणा मिळत नाही. शहरात उत्पन्नाची अट ५९ हजार, वर्षाची! महिन्याला पाच हजार पण नाही. एवढ्यात सिडकोत माणूस जगतो का? अर्ज केला तर म्हणतात इष्टांक, म्हणजे ठरलेला आकडा, भरला."

हे त्याचं अगदी खरं आहे. महाराष्ट्रात शहरातल्या ४५.३४ टक्के लोकांनाच धान्य द्यायचं असं ठरलंय, तेही २०११ च्या जनगणनेवर. त्यानंतर नाशिकच्या कडेनं किती वस्त्या उठल्या ते रोज रिक्षा फिरवणाऱ्याला विचारावं.

"आणि लाडकी बहीण आहे, लाडका बाप कुठंय?" बाळ्या म्हणाला.

"माझे दीड हजार चालू आहेत, त्याला नाव ठेवू नकोस," शोभाताईंनी झारा रोखला. "ते हवेतच. पण ज्या घरातली बाईच गेली, त्या घरातला खर्च गेला का? उलट वाढला. हे मी कुणाहीपुढं बोलीन."

आप्पा इतका वेळ गप्प होते, ते आता उसळले. "पण कष्टाशिवाय खाल्लेलं अन्न अंगी लागत नाही! आमच्या वेळी..."

"आप्पा," शोभाताई शांतपणे म्हणाल्या, "२०१५ च्या कुंभात तुम्ही तपोवनात किती दिवस जेवलात?"

कट्ट्यावर शांतता पसरली.

"तो... तो प्रसाद होता."

"पंधरा दिवस! मी सोडायचो रोज," बाळ्या ओरडला. "पुरी, भाजी, बुंदी. येताना डबा भरून बुंदी. आणि माझं रिक्षाचं भाडं अजून बाकी आहे!"

"साधूंच्या मांडवात नाव विचारलं का कुणी? केवायसी मागितलं? लाज वाटली?" शोभाताई. "नाही ना. वाढणाऱ्यानं वाढलं, तुम्ही जेवलात. मग हा गहू पण प्रसाद समजा."

"भाड्याचं काढू नकोस, बाळ्या. गणपतीच्या वर्गणीचा हिशोब दे आधी!"

"हिशोब? खजिनदार तुम्ही होता!"

पुढची पाच मिनिटं मंडप, डेकोरेशन आणि हरवलेली एक सतरंजी यावर गेली. सतरंजी सरांच्या घरी निघाली, तेव्हा तर सरही हसायला लागले. गण्यासुद्धा हसला. बऱ्याच महिन्यांनी मी त्याचे दात पाहिले.

अर्ज कुणी लिहायचा असं निघालं तेव्हा आप्पांनी न बोलता खिशातलं पेन काढलं. त्यांचं अक्षर खरंच मोत्यासारखं आहे. बाळ्याच्या रिक्षातला पेपर मांडीखाली घेऊन त्यांनी दोन अर्ज लिहिले, 'कुटुंबप्रमुख' या शब्दापुढं गण्याचं पूर्ण नाव घातलं आणि वर तारीख टाकली.

"दाखला मूळ नेऊ नकोस," ते गण्याकडे न बघता म्हणाले. "झेरॉक्स दे. आणि पोच घेतल्याशिवाय खिडकीवरून हलायचं नाही. नाहीच ऐकलं तर १९६७ या रेशनच्या हेल्पलाइनला फोन लाव, आपल्या समोर लाव."

गण्या जायला उठला. त्यानं एक वडापाव घेतला होता, अर्धा खाऊन उरलेला कागदात गुंडाळत होता. शोभाताईंनी ते पाहिलं. तीन गरम वडे, सहा पाव, मिरच्या, सुकी चटणी असं भराभर एका पिशवीत बांधलं आणि त्याच्या हातात दिलं.

"अहो ताई, पैसे..."

"लिहिले वहीत."

"माझ्या नावावर नको ताई, आधीच..."

"तुझ्या नाही. आप्पांच्या."

"माझ्या?" आप्पांनी पेनाचं टोपण लावता लावता मान वर केली. "अगं पण तीन कसे? मला डॉक्टरनं एकसुद्धा खाऊ नको म्हटलंय!"

"मग बुंदी लिहू का?" बाळ्या म्हणाला, आणि कट्टा पुन्हा फुटला. गण्या तोवर पिशवी छातीशी धरून रस्ता ओलांडून गेला होता.