सतरा वर्षांच्या पोराला गद्दार म्हणायचं थांबवा

शनिवारी, २९ नोव्हेंबर २०२५ ला, ॲन आर्बरला त्यांच्याच मैदानावर आपण, म्हणजे ओहायो स्टेट युनिव्हर्सिटीने, अमेरिकन फुटबॉलमध्ये मिशिगन युनिव्हर्सिटीला २७-९ ने हरवलं. २०२१ पासून चार वेळा ओळीने हरलो होतो, त्यामुळे शेवटची शिट्टी वाजली तेव्हा माझ्या डोळ्यांत खरंच पाणी होतं. ओहायो स्टेटच्या या कोलंबसमध्ये इतकी वर्षं राहिल्यावर हे गाव अंगात मुरतं. आणि लगेच काल, बुधवारी, साइनिंग डे. देशभरातल्या हायस्कूलच्या मुलांनी कुठल्या युनिव्हर्सिटीत फुटबॉल खेळायचं त्यावर सह्या केल्या. रात्री फोन उघडला आणि ज्या मुलांनी ऐनवेळी कॉलेज बदललं त्यांच्या फोटोंखाली मोठ्या माणसांनी 'गद्दार' आणि काय काय लिहिलंय ते वाचलं. लिहिणाऱ्यांत आपले, लाल जर्सीवाले खूप होते. म्हणून हे लिहितोय.

काही वर्षांपूर्वी आमच्या शेजारच्या घरातला मुलगा लाइनबॅकर, म्हणजे बचावफळीतला खेळाडू, होता. फार मोठं नाव नव्हतं, पण चांगला खेळायचा. त्याने एका कॉलेजला तोंडी शब्द दिला, आणि सहीच्या आधीच्या आठवड्यात बदलला, कारण ज्या कोचने त्याला दोन वर्षं फोन केले होते तो कोचच दुसरीकडे गेला. त्याची आई मला दुकानात भेटली. म्हणाली, मुलगा झोपला की मी त्याच्या नावाखालच्या कमेंट्स वाचत बसते, कारण सकाळी त्याच्या आधी मला माहीत असायला हवं. हे सांगताना ती टोमॅटो निवडत होती, आणि तिचा हात थांबला होता. मला ते आजही आठवतं.

गैरसमज नको. मला ही दुश्मनी मनापासून आवडते. पुण्यात ज्यांनी पुरुषोत्तम करंडकाला भरत नाट्यमध्ये बसून 'अरे आव्वाज कुणाचा' म्हणून घसा फोडलाय, त्यांना मी काय म्हणतोय ते लगेच कळेल. फरक एवढाच की इथे तो आवाज लाखभर लोकांचा असतो, आणि भांडणाचं मूळ जमिनीत आहे. १८३५ मध्ये टोलेडोच्या पट्ट्यावरून ओहायो आणि मिशिगन एकमेकांवर फौजा घेऊन गेले होते. टोलेडो ओहायोला मिळालं, मिशिगनला त्याबदल्यात वरचा द्वीपकल्प. मैदानावरचा पहिला सामना १८९७ चा. आजही मिशिगनशी सामना असलेल्या आठवड्यात ओहायो स्टेटच्या कॅम्पसवरच्या पाट्यांतल्या प्रत्येक 'एम'वर लाल पट्टीची फुली मारतात. मिशिगनला हरवणाऱ्या खेळाडूंना सोन्याची छोटीशी पँट मिळते, ही प्रथा १९३४ पासूनची. माझी मुलगी लहानपणी वहीतल्या 'एम'वर फुली मारायची आणि मी तिला कधी अडवलं नाही.

पण हे सगळं ज्यांच्यामुळे एवढं मोठं झालं ती माणसं कोण होती, ते बघा. मिशिगनचा बो शेम्बेकलर हा ओहायोतल्या बार्बरटनचा. आपला गाजलेला कोच वूडी हेज, त्याच्या हाताखाली आधी एका दुसऱ्या कॉलेजात खेळला, पुढे कोलंबसला त्याचाच सहायक होता, आणि १९६९ मध्ये मिशिगनचा कोच झाल्या झाल्या पहिल्याच वर्षी त्याने आपल्या गुरूला हरवलं. त्यानंतरची दहा वर्षं हा सामना साऱ्या देशाचा झाला. १९९१ मध्ये आपण लाथेने उडवलेला चेंडू झेलून ९३ यार्ड पळत गेलेला, आणि मग सर्वोत्तम कॉलेज खेळाडूला मिळणाऱ्या हाइझमन ट्रॉफीच्या पुतळ्यासारखा उभा राहिलेला मिशिगनचा डेझमंड हॉवर्ड ओहायोतल्या क्लीव्हलंडचा. १९९७ च्या मिशिगन संघातला चार्ल्स वुडसन ओहायोतल्याच फ्रीमॉंटचा. ही सगळी आपली पोरं, सीमा ओलांडून उत्तरेला गेलेली. ती गेली नसती तर या सामन्याच्या ज्या गोष्टी आपण तीस तीस वर्षं सांगतोय त्यातल्या अर्ध्या उरल्याच नसत्या. आणि आपला जेरेमाया स्मिथ? २०२५ च्या जानेवारीत नोत्र दाम युनिव्हर्सिटीविरुद्ध राष्ट्रीय फायनल संपत आली असताना ज्याने ५६ यार्डांचा पास झेलला आणि ज्याच्यासाठी आपण सोफ्यावर उभे राहिलो, तो फ्लोरिडाचा. तो इथे आला तेव्हा तिकडेही कुणीतरी चिडलंच असेल. तेव्हा आपल्याला तो गद्दार वाटला नाही.

'शब्द दिला होता ना' असं म्हणतात. तोंडी कमिटमेंट म्हणजे काय, हे कोचला माहीत असतं आणि मुलालाही. ती कुणालाच बांधत नाही. कॉलेजला जास्त चांगला मुलगा मिळाला की आधीच्याची ऑफर गुपचूप मागे घेतली जाते आणि त्याची बातमीही होत नाही. २०२१ मध्ये साइनिंग डेला दोन-अडीच आठवडे उरले असताना कोच लिंकन रायली ओक्लाहोमा सोडून यूएससीला (सदर्न कॅलिफोर्निया युनिव्हर्सिटी) गेला आणि कोच ब्रायन केली नोत्र दाम सोडून एलएसयूला (लुइझियाना स्टेट युनिव्हर्सिटी). यंदा, २०२५ मध्ये, कोच लेन किफिनने त्याचा संघ ओल मिस (मिसिसिपी युनिव्हर्सिटी) अकरा सामने जिंकून एकच हरलेला असताना, प्लेऑफ तोंडावर असताना एलएसयू धरलं. तो रविवार होता. बुधवारी सह्या होत्या. त्याच्या भरवशावर ओल मिसला हो म्हटलेल्या मुलांनी तीन दिवसांत काय करायचं होतं?

बारावीनंतरचे कॅप राउंड आठवा. पहिल्या फेरीत एक कॉलेज मिळालं, पुढच्या फेरीत चांगलं मिळालं, मुलगा तिकडे गेला. आपण पेढे वाटले. पहिल्या कॉलेजचे माजी विद्यार्थी त्याच्या घरी शिव्या द्यायला आले का?

पैशाचंही तेच. २०२१ पासून खेळाडूंना स्वतःच्या नावावर कमावता येतं, आणि २०२५ पासून कॉलेजं त्यांना थेट पैसे देऊ शकतात, २०२५-२६ साठी एका कॉलेजला साधारण २ कोटी ५ लाख डॉलरपर्यंत. आपला कोच रायन डे याचा २०२५ चा करार वर्षाला सरासरी सव्वा कोटी डॉलरचा आहे आणि तो मला जराही खुपत नाही. मग ज्याच्या गुडघ्यावर हे सगळं उभं आहे त्याने कुठे जास्त मिळतं हे पाहिलं तर राग का यावा? एक चुकीची टक्कर आणि त्याची कमाई संपते.

मी स्वतः स्वच्छ नाही. २०२४ च्या नोव्हेंबरात ब्राइस अंडरवूड या हायस्कूलच्या मुलाने, तोंडी शब्द दिलेलं एलएसयू सोडून मिशिगन धरलं तेव्हा आमच्या ग्रुपवर मीही 'विकला गेला' असं लिहिलं होतं. तो मिशिगनमधल्याच बेलव्हिलचा. ॲन आर्बर तिथून गाडीने अर्धा तासही नाही. पोरगा घराजवळच्या कॉलेजात गेला होता आणि मी, दोन मुलांचा बाप, त्याला विकला गेला म्हणालो. शनिवारी आपण त्याला हरवलं. तो मान खाली घालून मैदानाबाहेर जाताना दिसला, अठरा वर्षांचा. माझा मुलगा त्याच्याहून एक वर्षाने लहान आहे. मी तो जुना मेसेज शोधून पुसला. वाचायचा त्यांनी तो केव्हाच वाचला असणार.

पुढच्या नोव्हेंबरात सामना कोलंबसला आहे. दरवर्षीप्रमाणे आमच्याकडे या, मिसळ असेल, मोठा टीव्ही आहे. मिशिगनला, त्यांच्या निळ्या रंगाला, त्यांच्या गाण्याला, कोचला वाट्टेल ते बोला, मी तुमच्यापेक्षा मोठ्याने बोलेन. पण सतरा-अठरा वर्षांच्या कुठल्याही मुलाला, तो कुठेही गेलेला असो, माझ्या घरात कुणी गद्दार म्हणायचं नाही. ग्रुपवरही नाही. ॲडमिन मी आहे, आणि आजपासून असे मेसेज मी काढून टाकणार आहे.