क्रॉकेट घराण्याचा ‘फ्रेंच’ पूर्वज आणि अस्सल कागद

डेव्ही क्रॉकेट हा टेनेसीचा शिकारी, पुढे अमेरिकी काँग्रेसचा सदस्य आणि अखेर 1836 मध्ये टेक्ससमधल्या अलामोच्या गढीत मारला गेलेला माणूस. त्याच्या घराण्याबद्दलचा एक मजकूर वंशावळींच्या संकेतस्थळांवर वर्षानुवर्षे जसाच्या तसा उतरवला जात आहे. मजकुराचा सारांश असा: दक्षिण फ्रान्समधल्या माँतोबाँ येथे 1643 मध्ये जन्मलेला आंत्वान द क्रोकेतान्य हा चौदाव्या लुईच्या रक्षकदलातला उमदा घोडेस्वार होता. प्रोटेस्टंट पंथ स्वीकारल्यामुळे 1672 मध्ये त्याला देश सोडावा लागला आणि आयर्लंडच्या नैर्ऋत्येला, बँट्रीच्या उपसागरावर, तो फोंतेन व मोरी या घराण्यांचा मिठाचा अडत्या झाला. तिथे आडनावाचे ‘क्रॉकेट’ झाले, 1676 मध्ये जन्मलेला त्याचा मुलगा न्यूयॉर्कजवळच्या न्यू रोशेलमार्गे व्हर्जिनियात उतरला, आणि भटकंती रक्तातच असलेल्या या स्कॉट्स-आयरिश कुटुंबाने नंतर सरळ पश्चिमेची वाट धरून ओसाड रानात वस्ती केली.

या मजकुराला चालना मिळाली ती मुख्यतः 1928 मध्ये छापलेल्या एका वंशावळ-ग्रंथामुळे. म्हणजे ज्या घटना सांगितल्या आहेत त्यांच्यानंतर अडीचशे वर्षांनी. बखर आणि अस्सल कागद यांच्यातला फरक मराठी वाचकाला वेगळा समजावून सांगण्याची गरज नाही. त्याच चाळणीतून हा मजकूर एकेक दावा घेऊन काढून पाहू.

सर्वांत कच्चा सांधा बँट्रीचा आहे, म्हणून तिथूनच सुरुवात करतो. ज्या फोंतेन घराण्याची चाकरी आंत्वानने केली असे सांगितले जाते, त्या घराण्याचा इतिहास सुदैवाने तपशीलवार उपलब्ध आहे, कारण त्याचा कर्ता पुरुष, ह्यूगनॉट (म्हणजे फ्रेंच प्रोटेस्टंट) धर्मोपदेशक जॅक फोंतेन, याने उतारवयात आपल्या मुलांसाठी स्वतःच्या आयुष्याची हकिकत लिहून ठेवली. नांतचा सहिष्णुतेचा फर्मान चौदाव्या लुईने 1685 मध्ये रद्द केल्यावर जॅक त्याच वर्षाच्या अखेरीस फ्रान्समधून निसटला आणि इंग्लंडच्या डेव्हन किनाऱ्यावर उतरला. काही वर्षे इंग्लंडमध्ये काढून 1694 च्या सुमारास तो कॉर्कला आला, आणि बँट्रीच्या उपसागरावरील बेअरहेवन येथे मासेमारीचा व्यवसाय थाटायला त्याला 1699 उजाडले. तिथल्या त्याच्या घरावर फ्रेंच खासगी लढाऊ जहाजांनी 1704 मध्ये आणि पुन्हा 1708 मध्ये हल्ला केला, त्यानंतर तो डब्लिनला निघून गेला. मोरी कुटुंबाचा फोंतेनांशी संबंध जुळला तोही पुढच्या पिढीत, लग्नामुळे. आता मजकुराकडे पुन्हा पाहावे: 1672 नंतर आणि 1676 च्या आधी आंत्वान ज्या मालकांच्या पदरी बँट्रीत काम करत होता, ते मालक बँट्रीत यायला अजून वीस-पंचवीस वर्षे अवकाश होता. फोंतेन आणि मोरी कुटुंबातली माणसे पुढे 1715 नंतरच्या काळात व्हर्जिनियाला गेली हे मात्र खरे आहे, आणि मजकुरातले क्रॉकेटही नेमके 1716 च्या सुमारास व्हर्जिनियात अवतरतात. एका घराण्याच्या खऱ्या प्रवासावर दुसऱ्या घराण्याचे नाव टाचले, की शिवण अशी उसवते.

आडनावाच्या दाव्याला फार जागा देण्याचे कारण नाही. ‘क्रोकेतान्य’चे ‘क्रॉकेट’ आयर्लंडमध्ये सतराव्या शतकात झाले असेल, तर त्याआधी ते नाव ब्रिटिश बेटांवर सापडता कामा नये. प्रत्यक्षात 1296 मध्ये इंग्लंडचा राजा पहिला एडवर्ड याच्यापुढे निष्ठेची शपथ घेणाऱ्या स्कॉटिश जमीनधारकांच्या यादीत लॅनार्कशायरमधली क्रोकेट नावाची माणसे आढळतात, आणि नैर्ऋत्य स्कॉटलंडमधल्या गॅलोवे भागात हे नाव एकोणिसाव्या शतकापर्यंत नांदत होते. कादंबरीकार सॅम्युएल रदरफर्ड क्रॉकेट 1859 मध्ये तिथलाच जन्मलेला. गॅलोवे आणि आयर्लंडचा उत्तर भाग अल्स्टर यांच्यामध्ये समुद्राची एक चिंचोळी पट्टी आहे, स्वच्छ हवेत पलीकडचा किनारा दिसतो. इतके जवळचे घर असताना माँतोबाँपर्यंत जायचे कशाला?

मजकुराचे समर्थक इथे म्हणतात, की अल्स्टरमध्ये ह्यूगनॉट होतेच की. होते. लुई क्रोम्लँ 1698 मध्ये लिझबर्नला आला आणि लिनन-उद्योगाशी त्याचे नाव कायमचे जोडले गेले, हे कोणी नाकारत नाही. पण ह्यूगनॉट अल्स्टरमध्ये होते यावरून अमुक कुटुंब ह्यूगनॉट होते असे ठरत नाही.

‘स्कॉट्स-आयरिश’ हा शब्द मजकुरात सैलपणे वापरला आहे. बाप स्कॉट आणि आई आयरिश असा त्याचा अर्थ अनेकजण घेतात, तसा तो नाही. 1606 पासून अँट्रिम आणि डाऊन या भागांत हॅमिल्टन व माँटगोमेरी यांच्या खासगी वसाहतींतून, आणि 1609-10 नंतर उत्तर आयर्लंडच्या सहा जप्त परगण्यांत राजाच्या योजनेतून, सखल स्कॉटलंडमधली प्रेस्बिटेरियन (एका प्रोटेस्टंट पंथाची) कुळे अल्स्टरला नेऊन बसवण्यात आली. त्यांचे वंशज तीन-चार पिढ्यांनी अमेरिकेला गेले, ते स्कॉट्स-आयरिश. त्या काळात त्यांना अमेरिकेत सरसकट ‘आयरिश’ म्हटले जाई. न्यू हॅम्पशायरच्या वसाहतीतले धर्मोपदेशक जेम्स मॅकग्रेगर यांनी 1720 मध्ये गव्हर्नरकडे तक्रारच केली होती की आम्हाला आयरिश म्हणतात याचे आश्चर्य वाटते. पुढे हा आक्षेप मावळला. 1845 नंतरच्या बटाट्याच्या दुष्काळात लाखो कॅथलिक आयरिश अमेरिकेत आले, तेव्हा आपण वेगळे आहोत हे दाखवण्यासाठी ‘स्कॉच-आयरिश’ हा शब्द जोरात पुढे आणला गेला.

हे ध्यानात घेतले की डेव्हीची स्वतःची साक्ष नीट वाचता येते. 1834 मध्ये प्रसिद्ध झालेल्या आत्मवृत्तात त्याने सांगितले आहे की त्याचे वडील जॉन आयरिश वंशाचे होते, आणि त्यांचा जन्म एकतर आयर्लंडमध्ये किंवा तिथून अमेरिकेला येताना जहाजावर झाला असावा. फ्रान्सचा, राजाच्या रक्षकांचा, सरदारकीचा शब्दही त्यात नाही. आणि ज्याला बढाईचे वावडे नव्हते अशा माणसाने सरदार पूर्वज हाती असून सोडला असेल, हे मला पटत नाही. अर्थात ही साक्षसुद्धा ऐकीव आहे, तिच्यातला ‘किंवा’च ते सांगतो. पण कुटुंब जॉनच्या आधीच्या पिढ्यांपासून अमेरिकेत होते असे सांगणाऱ्या मजकुराशी ती जुळत नाही, आणि दोन ऐकीव गोष्टींत 1834 मधल्या मुलाची साक्ष 1928 मधल्या संकलनापेक्षा जड पडते.

आता वाटेचा प्रश्न. ‘सरळ पश्चिमेकडे’ हे नकाशा न पाहता लिहिलेले वाक्य आहे. अल्स्टरची बहुसंख्य कुटुंबे न्यू रोशेलला उतरलीच नाहीत, ती डेलावेअर नदीच्या बंदरांवर, फिलाडेल्फिया आणि न्यू कॅसल येथे उतरली, आणि त्याचे कारण अगदी रोकडे होते. उत्तम लिननसाठी जवसाचे पीक बी धरण्याआधीच उपटावे लागते, म्हणून अल्स्टरला दरवर्षी बियाणे बाहेरून आणावे लागे. ते पेनसिल्व्हेनियातून येई, आणि बियाणे उतरवून रिकामी परतणारी जहाजे माणसे भरून नेत. 1718 मध्ये बोस्टनकडे गेलेल्या जहाजांनी सुरू झालेला हा ओघ 1728-29, 1740-41 आणि 1771 ते 1775 या काळात विशेष वाढला. त्यामागे धर्माची कुचंबणा होती, तशीच भाडेपट्टे संपल्यावर जमीनदारांनी वाढवलेले खंड, नापिकी आणि लिननच्या बाजारातली मंदीही होती.

फिलाडेल्फियाहून लँकेस्टर, सस्क्वेहाना नदी ओलांडून यॉर्क, पुढे पोटोमॅक, आणि तिथून पश्चिमेला ॲपलेशियन डोंगररांगांची भिंत लागल्यामुळे नैर्ऋत्येला वळून शेनॅन्डोआच्या खोऱ्यातून खाली, असा तो गाडीमार्ग होता. खोऱ्यात 1736 मध्ये विल्यम बेव्हरली याला 1,18,000 एकरांहून मोठी सनद मिळाली होती आणि त्याला गिऱ्हाईक हवे होते. वाट कोणी ठरवली, याचे अर्धे उत्तर अशा सनदांत सापडते. खोऱ्याच्या तळाशी एक फाटा कॅरोलायनाकडे, दुसरा आजच्या पूर्व टेनेसीतल्या होल्स्टन आणि वॉटॉगा नद्यांकडे जाई. या वाटेवरून माणसे उलटीही जात. बारा वर्षांच्या डेव्हीला वडिलांनी सायलर नावाच्या गुरे हाकणाऱ्या म्हाताऱ्याच्या हाती सोपवले, आणि तो पोर टेनेसीतून व्हर्जिनियातल्या रॉकब्रिज परगण्यापर्यंत, त्याच्या हिशेबाने चारशे मैल, गुरांमागून पायी गेला. म्हणजे ईशान्येकडे, आजोबांच्या पिढीतली माणसे जिथून आली त्याच दिशेला.

क्रॉकेटांचा ठाम कागदोपत्री माग लागतो तो याच फाट्यावर. वॉटॉगाच्या वसाहतवाल्यांनी जुलै 1776 मध्ये उत्तर कॅरोलायनाकडे केलेल्या अर्जावर डेव्हिड क्रॉकेट, म्हणजे डेव्हीचे आजोबा, यांची सही आहे. त्यामागे जायचे तर खरेदीखतांच्या चतुःसीमा वाचाव्या लागतात: अमक्या पांढऱ्या ओकपासून तमक्या ओढ्यापर्यंत इतके ‘पोल’, एक पोल म्हणजे साडेसोळा फूट, आणि शेवटी शेजाऱ्यांची साक्ष. पूर्वज बहुधा या साक्षीदारांच्या नावांमधून सापडतो, कारण माणसे शेजाऱ्यांसह हलत. दुसरा आधार फार थोडा आहे. टेनेसीच्या 1790 आणि 1800 च्या जनगणना उरलेल्या नाहीत, व्हर्जिनियाच्याही नाहीत. 1850 पूर्वीच्या अमेरिकी जनगणनेत फक्त कुटुंबप्रमुखाचे नाव असे. आणि डब्लिनचे सरकारी दफ्तर 1922 मध्ये जळाले. त्यातच डेव्हिड, जॉन, विल्यम ही नावे क्रॉकेटांच्या प्रत्येक शाखेत. तीन वेगवेगळे विल्यम एकत्र करून एक सोयीचा पूर्वज घडवणे फार सोपे आहे. डीएनए चाचणीतली ‘स्कॉटलंड इतके टक्के’ ही ओळही यात मदत करत नाही, कारण आठ पिढ्यांमागे प्रत्येकाचे 256 पूर्वज असतात.

‘ओसाड रान’ या शब्दांवर थांबणे भाग आहे. 1763 च्या राजघोषणेने डोंगरापलीकडे वसाहत करायला मनाई केली होती. रिचर्ड हेंडरसनने मार्च 1775 मध्ये सिकॅमोर शोल्स येथे चेरोकी या मूळ रहिवासी जमातीकडून प्रचंड मुलूख विकत घेतल्याचा करार केला, तेव्हा ड्रॅगिंग कनू या चेरोकी नायकाने त्याला उघड विरोध केला आणि पुढच्याच वर्षी लढाई पेटली. आजोबा डेव्हिड आणि आजी 1777 मध्ये आजच्या रॉजर्सव्हिलच्या जागी आपल्या घरात मारले गेले. काका जोसेफचा हात गोळीने मोडला. मुकाबहिरा काका जेम्स पकडला गेला आणि डेव्हीच्या म्हणण्यानुसार सतरा वर्षे नऊ महिने मूळ रहिवाशांमध्ये राहिला. रिकाम्या रानात हे घडत नाही.

उरला रक्तातल्या भटकंतीचा दावा. नोलिचकी नदीकाठी 1786 मध्ये डेव्ही जन्मला, त्यानंतर वडिलांची गिरणी पुरात वाहून गेली आणि ते रस्त्यावरची खानावळ चालवू लागले. त्यांचे 36 डॉलरांचे एक आणि 40 डॉलरांचे दुसरे देणे पोरसवदा डेव्हीने सावकारांकडे सहा-सहा महिने राबून फेडले. तो स्वतः 1817 मध्ये लॉरेन्स परगण्यात गेला, तो चिकसॉ जमातीने 1816 च्या करारात सोडलेल्या मुलखात; तिथली त्याची गिरणी 1821 मध्ये पुरानेच नेली. 1818 च्या करारानंतर पश्चिम टेनेसी खुला झाला होता, म्हणून तो ओबायन नदीकडे सरकला. प्रत्येक मुक्कामाआधी एक कर्ज आणि एक तह दिसतो. 1835 मध्ये निवडणूक हरल्यावर तो टेक्ससला निघाला, तिथेही जमिनीचीच आशा होती, आणि ती जमीन त्याच्या मृत्यूनंतर जवळजवळ दोन दशकांनी त्याची विधवा एलिझाबेथ हिने तिथे जाऊन ताब्यात घेतली.