लेझरने म्हणे दातातलं सिमेंट वाहून जातं!

परवा मामांनी फॅमिली ग्रुपवर एक मेसेज टाकला, "अनेकदा फॉरवर्ड केलेला" वाला. थोडक्यात असा: रूट कॅनल लेझरने धुतलं की उष्णतेने मुळातलं भोक बुजवायला भरलेलं सिमेंट तडकतं, पाण्यात विरघळतं, लॅबमध्ये सिद्ध झालंय, म्हणून मुळाला भोक पडलं असेल तर दात काढा आणि सरळ इम्प्लांट बसवा. मी रोज हेच काम करते त्यामुळे गप्प बसवेना. मामा, एकेक घेऊ.

"उष्णतेने तडकतं." कुठला लेझर ते तर सांगा! धुवायला बहुतेक एर्बियम-याग वापरतात, 2940 नॅनोमीटरचा, त्याची ऊर्जा पाणी जवळजवळ जागच्या जागी शोषून घेतं, टोकाशी वाफेचा बुडबुडा होतो, फुटतो, परत होतो, आणि त्या हिसक्यांनी कॅनलमधलं औषध घुसळलं जातं, रवीने ताक घुसळतात ना तसंच काहीसं. पिप्स म्हणजे याच लेझरने कमी ऊर्जेत औषध घुसळायची पद्धत, त्यात एका पल्सला 20 मिलिज्यूल, सेकंदाला 15 पल्स, म्हणजे जेमतेम 0.3 वॉट, आणि टीप कॅनलमध्ये जातही नाही, वरच्या पोकळीतच राहते. डायोड लेझरने दात तापू शकतो, पण तो वेगळा. फॉरवर्डवाल्याला सगळे सारखेच.

"पाण्यात विरघळतं." इथे मला हसूच आलं. भोक बुजवायला वापरतात ते एमटीए हे 1993 मध्ये कॅलिफोर्नियाच्या लोमा लिंडा विद्यापीठातून पुढे आलेलं सिमेंट, बांधकामाच्या पोर्टलँड सिमेंटचं भावंड, पाणी मिळालं तरच सेट होतं. स्लॅबवर पाणी मारतात तसा आम्ही त्यावर ओला कापूस ठेवतो! प्रश्न आहे तो वेळेचा. मूळ एमटीएला सेट व्हायला पावणेतीन तास लागतात, ताकद 24 तासांनी 40 मेगापास्कल आणि 21 दिवसांनी 67. बायोडेंटिन नावाच्या दुसऱ्या सिमेंटला बाराएक मिनिटं. आता सिमेंट सेट झालेलं नसतानाच कुणी वर जोरात लेझर किंवा अल्ट्रासॉनिक, म्हणजे कंपनांचं यंत्र, चालवलं तर ते हलणारच की. आणि कॅनल धुवायच्या औषधांचं काय? त्यातलं ईडीटीए कॅल्शियम ओढून घेतं, एमटीए नीट सेट होत नाही, हायपो (सोडियम हायपोक्लोराइट) लागलं की बिस्मथवालं एमटीए काळपट पडतं, आणि हे सगळं साध्या सिरिंजने धुतलं तरी होतं. त्याबद्दल मेसेजमध्ये एक शब्द नाही.

"लॅबमध्ये सिद्ध झालंय." लॅबमध्ये काढलेल्या दाताच्या मुळाची चकती कापतात, मधलं सिमेंट दांड्याने ढकलतात आणि किती जोरावर सुटतं ते मोजतात. पुश-आउट टेस्ट. उपयोगी आहे, पण सिमेंट, औषध, सेटिंगचा वेळ यातलं काही बदललं की आकडाही बदलतो, आणि तोंडातला दात किती वर्षं टिकेल हे त्यातून कळत नाही.

एक मात्र मान्य. भोक उघडं असताना हायपो भरून लेझर चालवणं धोक्याचंच, औषध बाहेर हाडाकडे गेलं तर भयानक दुखतं, गाल सुजतो. म्हणून आधी भोक बुजवायचं, सेट होऊ द्यायचं, मग जोरात धुवायचं.

आणि "दात काढा"? भोक कुठे आहे, केवढं आहे, किती दिवस उघडं होतं, हे बघितल्याशिवाय कसं ठरवणार? आणि मामा, तुमच्या दाताला भोक पडलेलंच नाहीये, साधं फिलिंग आहे ते. रविवारी या, दाखवते एक्स-रेमध्ये.