उरलेल्या ५ टक्क्यांचं काय?

लघवीत ९५ टक्के पाणीच असतं, म्हणून अडीअडचणीला प्यायला हरकत नाही, हे एका लेखातलं म्हणणं अर्धवट आहे. सगळा घोळ उरलेल्या ५ टक्क्यांत आहे: युरिया, सोडियम, पोटॅशियम. पाणी तुटलं की मूत्रपिंडं आधीच थेंब न् थेंब राखून ठेवतात, म्हणून तर लघवी गडद पिवळी, उग्र आणि जेमतेम होते. तीच परत प्यायलात तर तोच कचरा पुन्हा बाहेर टाकायला शरीरातलंच पाणी खर्ची पडतं. २००३ मध्ये अमेरिकेतल्या युटा राज्यात एका घळीत अडकलेला गिर्यारोहक आरन राल्स्टन स्वतःची लघवी प्यायला होता खरा, पण तो जगला म्हणजे त्यामुळेच जगला असं नव्हे. अमेरिकी लष्कराच्या मॅन्युअलमध्ये तर ती समुद्राच्या पाण्याच्या पंगतीला, 'पिऊ नका'मध्ये बसवलीय. उन्हात अडकलात तर फडकं लघवीत भिजवून डोक्यावर घ्या (किळस येणारच), गारव्याने घाम तरी वाचेल.